पाठीवरचं फुफ्फुस आणि राहिलेली चावी

सैनिकाच्या सॅकमधे मावेल असं कृत्रिम फुफ्फुस, म्हणजे रक्त शरीराबाहेर काढून त्यात ऑक्सिजन भरून परत आत सोडणारं यंत्र, बनवायचं संशोधन चालू आहे हे आता बऱ्याच जणांच्या कानावर गेलंय, आणि त्यावरून जो वाद रंगतो तो इतका वेंधळा असतो की मला गप्प बसवेना. एक पार्टी म्हणते, झालं, आता छातीत छर्रे घुसले तरी पोरगा मरत नाही, डबा उघडायचा, दोन नळ्या लावायच्या, हेलिकॉप्टर येईपर्यंत काम भागलं. दुसरी पार्टी म्हणते ही सगळी उधळपट्टी आहे, लढाईत माणसं रक्त वाहून मरतात, त्यांना आवळायचे पट्टे द्या, फुफ्फुसाची खेळणी कशाला? दोघांचंही अर्धं बरोबर आहे. पण हे नेमकं कितव्या तासाला लागणार आणि कोणाच्या हातात असणार, हे दोघांतलं कुणीच विचारत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढे गैरसमज नको. जबर जखमी फुफ्फुसाचा इलाज रणांगणापर्यंत नेलाच पाहिजे, त्यावर पैसा खर्च झालाच पाहिजे, कृत्रिम फुफ्फुसावर सुद्धा. पण इलाज पोर्टेबल झाला की नाही हे डब्याच्या वजनावरून ठरवायचं बंद करा. अंधारात, हातमोजे घालून, दोन दिवस न झोपलेल्या पोराला जे करता येतं ते पोर्टेबल, बाकी सगळं नुसतं हलकं सामान.

मी युद्ध पाहिलेलं नाही. भूल द्यायचं आणि आयसीयूचं काम करतो, त्यामुळे चिरडलेल्या छात्या पाहिल्यात, भरपूर. तेवढ्याच अधिकाराने बोलतोय.

आता आधी वेळेचा हिशोब बघू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. छातीला मार लागला की माणूस दोन वेगवेगळ्या घड्याळांवर मरतो. पहिलं घड्याळ मिनिटांचं. फुफ्फुसाला भोक पडून हवा छातीच्या पोकळीत साठत जाते, बाहेर पडायला वाट नाही, ती हवा फुफ्फुसाला दाबते, मग हृदयाकडे येणाऱ्या मोठ्या शिरा दाबते आणि खेळ संपतो. हा टेन्शन न्यूमोथोरॅक्स. किंवा छातीत रक्त भरतं. किंवा छातीला एवढं भगदाड पडतं की श्वास नाकाऐवजी जखमेतून आत जायला लागतो. दुसरं घड्याळ तासांचं आणि दिवसांचं. स्फोटाच्या लाटेने किंवा आदळण्याने फुफ्फुस आतून खरचटलेलं असतं, माणूस सुरवातीला बोलतो, पाणी मागतो, आणि मग बारा तासांनी, चोवीस तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी फुफ्फुसं पाण्याने भरलेल्या स्पंजासारखी होतात, ऑक्सिजन कितीही द्या रक्तात उतरत नाही. ह्याला आपण आज एआरडीएस म्हणतो. व्हिएतनामच्या लढाईत डॉक्टर लोक ह्यालाच दा नांग लंग म्हणायचे, कारण दा नांगच्या लष्करी हॉस्पिटलात असे पेशंट ढिगाने दिसायला लागले होते, आणि १९६७ साली अॅशबॉ वगैरे मंडळींनी १२ पेशंटांचं वर्णन छापलं तेव्हा कुठे त्या प्रकाराला पुस्तकात जागा मिळाली.

कृत्रिम फुफ्फुस हा दुसऱ्या घड्याळाचा इलाज आहे. पहिल्या घड्याळावर त्याचा काडीचा उपयोग नाही. जो माणूस दहा मिनिटांत जाणार आहे त्याच्या मांडीच्या आणि मानेच्या शिरेत करंगळीच्या जाडीच्या नळ्या घालत बसणार कोण? हे एवढं एक कळलं तरी अर्धं भांडण मिटेल.

आता विरोधकांचं जे सगळ्यात दमदार म्हणणं आहे ते मांडतो, आणि ते खरंच दमदार आहे. ब्रायन ईस्टरिज हा अमेरिकन लष्करी सर्जन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१२ मधे अमेरिकन सैन्याचे २००१ ते २०११ ह्या दहा वर्षांतले ४५९६ मृत्यू एकेक करून तपासले. त्यातले सुमारे ८७ टक्के हॉस्पिटलात पोचायच्या आधीच झालेले. त्या आधीच गेलेल्यांत वाचवता आले असते असे साधारण चोवीस टक्के. आणि त्या वाचवण्याजोग्यांत रक्तस्रावाने गेलेले जवळजवळ ९१ टक्के, श्वासमार्ग अडून गेलेले ८, आणि टेन्शन न्यूमोथोरॅक्सचे फक्त १ टक्का. मग सांगा, फुफ्फुसावर कशाला पैसे घालायचे? रक्त थांबवा, रक्त द्या. शिवाय नुसतं रक्तस्रावापुरतंच नाही, फुफ्फुस बिघडणार की नाही हे सुद्धा बऱ्याच अंशी तुम्ही पहिल्या तासात काय लटकवलं त्यावर ठरतं. व्हिएतनाममधे रक्त गेलेल्या पोरांना लिटरवारी सलाईन ओतलं जायचं आणि दोन दिवसांनी तेच पाणी फुफ्फुसात दिसायचं, निदान काही अंशी तरी दा नांग लंग ही आपणच केलेली करणी होती. आज रक्ताला रक्त, प्लाझ्माला प्लाझ्मा हा नियम आहे. २०१८ मधे आलेल्या एका अमेरिकन चाचणीत, सिव्हिलियन पेशंट होते पण असो, हेलिकॉप्टरमधेच प्लाझ्मा दिलेल्यांत तीस दिवसांचा मृत्युदर २३ टक्के निघाला आणि नेहमीची ट्रीटमेंट मिळालेल्यांत ३३. म्हणजे फुफ्फुसाचा पहिला इलाज कदाचित रक्ताची पिशवीच आहे.

हे सगळं मला मान्य. त्यापुढे जाऊन मी त्यांच्याच बाजूने अजून एक मुद्दा देतो जो ते स्वतः सहसा मांडत नाहीत. साधी सुई सुद्धा आपण नीट पोर्टेबल केली नव्हती. टेन्शन न्यूमोथोरॅक्सला काय करायचं हे सगळ्यांना पाठ असतं, बरगड्यांच्या मधे जाड सुई घाला, हवा फुस्स करून बाहेर येते, माणूस वाचतो. मेडिकच्या, म्हणजे पलटणीतल्या प्रथमोपचार करणाऱ्या सैनिकाच्या, बॅगेत सुई होती, ट्रेनिंग होतं, सगळं होतं. पण बरीच वर्षं ती सुई पाच सेंटिमीटरची होती. २००७ मधे कुणीतरी मृत सैनिकांचे सीटी स्कॅन बघून छातीच्या भिंतीची जाडी मोजली तर सरासरी निघाली ५.४ सेंटिमीटरच्या आसपास. धडधाकट, व्यायाम केलेली, भरदार छातीची पोरं ती. म्हणजे सुई बरोबर जागी, बरोबर वेळेला घातली तरी तिचं टोक स्नायूतच अडकणार आणि मेडिक वाट बघत बसणार आवाजाची, जो येणारच नाही. आता आठ सेंटिमीटरची देतात. तीन सेंटिमीटर. ह्या तीन सेंटिमीटरसाठी ना नवीन शोध लागला ना बॅटरी, फक्त कुणीतरी मोजून बघायला हवं होतं.

म्हणून वजनाच्या गप्पा ऐकल्या की मला आमची एक अँब्युलन्स आठवते. बरीच वर्षं झाली. अपघाताचा पेशंट, दोन्ही बाजूच्या बरगड्या मोडलेल्या, एका ठिकाणाहून मोठ्या सेंटरला हलवायचा होता, व्हेंटिलेटरवर. सोबत मी आणि एक सिस्टर. दोन सिलेंडर घेतले होते, एक लावलेला, एक भरलेला स्पेअर. निम्म्या वाटेत पहिला संपला, हिशोबापेक्षा लवकर, कारण कुठेतरी लीक होता. काही टेन्शन नव्हतं, दुसरा होता ना. आणि दुसरा उघडायची चावी नव्हती. ती चपटी, दहा रुपड्यांची असावी तशी दिसणारी लोखंडी चावी, जी निघताना कुणाच्या तरी ॲप्रनच्या खिशात राहिली. मी अंबू बॅग, हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, दाबत बसलो, साध्या हवेवर, सॅच्युरेशन चौऱ्याण्णववरून ऐंशीच्या खाली आलं, सिस्टर चिमट्याने पिरगाळून बघतीये, ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली आणि सीटखालून पक्कड काढून आणली. पक्कडीने उघडला. पेशंट पोचला, जिवंत. पुढे त्याचं काय झालं कळलं नाही. पण तेव्हापासून मला कुणी पोर्टेबल म्हणालं की मी आधी विचारतो, चावी कुठंय?

सपाट रस्त्यावर, दिवसाउजेडी, कुणी गोळ्या झाडत नसताना आमची ही गत. मग तिथे काय होत असेल?

आता उलट बाजूला येतो, कारण इथपर्यंत वाचून दुसरी पार्टी खूश झाली असेल, आणि त्यांना खूश ठेवायचा माझा विचार नाही. ईस्टरिजच्या आकड्यांत दोन गोष्टी लपलेल्या आहेत. एक म्हणजे वाचवता येण्याजोगा ह्या शब्दाचा अर्थ. वाचवता येण्याजोगा म्हणजे हातात असलेल्या साधनांनी वाचवता येण्याजोगा. ज्या जखमेवर आज इलाजच नाही ती आपोआप न वाचणाऱ्यांच्या रकान्यात जाते, आणि मग त्या रकान्याकडे बोट दाखवून आपण म्हणतो की बघा, ह्यावर खर्च करण्यात अर्थ नाही, ह्यातून कोणी वाचतच नाही. हा गोल गोल फिरणारा तर्क झाला. रक्तसंक्रमण नव्हतं तेव्हा पांढराफटक पडलेला सैनिक सुद्धा न वाचणाराच होता की.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ते आकडे एका विशिष्ट प्रकारच्या लढाईचे आहेत, जिथे आकाश एकाच बाजूच्या मालकीचं होतं. २००९ मधे तेव्हाचे अमेरिकन संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी फर्मान काढलं की जखमीला साठ मिनिटांच्या आत हेलिकॉप्टरने नेलं पाहिजे, आणि ते बऱ्यापैकी पाळलंही गेलं. म्हणजे दुसरं घड्याळ, ते तासांचं आणि दिवसांचं, सुरू व्हायच्या आत माणूस हॉस्पिटलात, आणि तिथून एक-दोन दिवसांत विमानाने जर्मनीत. फुफ्फुसं खराब व्हायची ती आयसीयूच्या दिव्याखाली व्हायची. रणांगणातल्या आकड्यात ती दिसणार कशी? आता युक्रेनकडे बघा. हेलिकॉप्टर फ्रंटच्या जवळ फिरकू शकत नाही, वर सतत ड्रोन, जखमीला तळघरात किंवा खंदकात रात्र व्हायची वाट बघावी लागते, कधी कधी दुसऱ्या रात्रीची सुद्धा. एका तासासाठी बांधलेली टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायचा तो आवळायचा पट्टा, तासन् तास तशीच राहते आणि वाचणारा हात-पाय जातो. तिथे पोर्टेबल इलाजाचा अर्थच बदलतो. छातीला मार लागलेला पोरगा तिथे पहिल्या घड्याळातून सुटतो, आणि दुसऱ्या घड्याळाचे ठोके तळघरात पडायला लागतात. गेल्या लढाईचे आकडे घेऊन पुढच्या लढाईची बॅग भरायची, ही चूक सैन्यांनी किती वेळा केली आहे?

आणि हे काही पहिल्यांदा होत नाहीये. पहिल्या महायुद्धात, एप्रिल १९१५ मधे, बेल्जियममधल्या इप्रला क्लोरिन हा विषारी वायू सोडला गेला आणि पुढे फॉस्जीन आला. फॉस्जीनचा प्रकार तर असा की माणूस आधी ठीक दिसतो आणि काही तासांनी स्वतःच्याच फुफ्फुसातल्या पाण्यात बुडतो. तेव्हा ऑक्सिजन द्यायची पद्धत काय होती तर नाकासमोर एक फनेल धरायचं, त्यातला बहुतेक ऑक्सिजन हवेत. जॉन स्कॉट हाल्डेन नावाच्या फिजिऑलॉजिस्टने मास्क, पिशवी आणि मिनिटाला किती लिटर जातोय हे ठरवणारा व्हॉल्व असलेलं उपकरण तयार केलं, १९१७ मधे त्यावर लेखही लिहिला, आणि ते फ्रंटवर गेलं. ऑक्सिजन नवीन नव्हता. सिलेंडरही नवीन नव्हता. नवीन होता तो मास्क आणि तो व्हॉल्व, म्हणजे ऑक्सिजन वाया न जाता पेशंटमधेच जाईल ही हमी.

रक्ताची गोष्ट तर ह्याहून बोलकी आहे. पहिल्या महायुद्धाच्या आधी रक्त देणं म्हणजे दाता शेजारी झोपवून त्याची धमनी पेशंटच्या शिरेला जोडायची, हॉस्पिटलातलंच काम. १९१४-१५ च्या सुमारास सोडियम सायट्रेट घातलं की बाटलीतलं रक्त गोठत नाही हे सिद्ध झालं, आणि १९१७ मधे ऑस्वल्ड रॉबर्टसन ह्या अमेरिकन सैन्यातल्या डॉक्टरने बर्फाच्या पेटीत रक्त साठवून ते फ्रंटजवळ नेलं. पुढे स्पेनच्या यादवीत नॉर्मन बेथ्यून हा कॅनडाचा सर्जन गाडीत रक्त घालून आघाडीवर फिरला, मग चीनमधे गेला, तिथे ऑपरेशन करताना बोट कापून त्यातून सेप्टिक होऊन गेला, आणि त्याच्या नावाचं हॉस्पिटल ज्यांनी चालवलं ते आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस. आता ह्या सगळ्यात रक्त पोर्टेबल कशाने झालं? बाटली हलकी केल्यामुळे? नाही. गोठायचं थांबलं म्हणून. अडचण वजनाची कधी नव्हतीच.

कृत्रिम फुफ्फुसाची अडचण आज तंतोतंत तीच आहे. रक्त शरीराबाहेर काढलं, प्लॅस्टिकच्या नळ्यांतून आणि बारीक पोकळ धाग्यांच्या जुडीतून फिरवलं की ते गोठायला बघतं. ते गोठू नये म्हणून हेपारिन द्यायचं. कोणाला? ज्याचा पाय उडालाय, पोट फाटलंय, डोक्यात रक्त साठलंय त्याला. हा विरोधकांचा खरा बुक्का आहे आणि तो बरगडीत बसतो. आतून लेप दिलेल्या नळ्या आल्यात, त्यांच्यावर काही काळ हेपारिनशिवाय काम भागवतात, पण सर्किट कधी गुठळी धरेल ह्याची धास्ती जात नाही. संशोधनाचा पैसा डबा दहा किलोचा पाच किलो करण्यात घालण्यापेक्षा ह्या लेपात घाला असं माझं म्हणणं आहे. तसंही दहा किलोच्या आसपासची मशीन कित्येक वर्षं झाली, हॉस्पिटलं वापरतात. दहा किलो उचलायला सैनिकाला कधी जड गेलंय?

बाकी फिजिक्सची अडचण आहेच, ती थोडक्यात. पडून असलेल्या मोठ्या माणसाला मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. आपल्या फुफ्फुसाचा आतला पृष्ठभाग पसरला तर सत्तर चौरस मीटरच्या घरात जातो, यंत्रातल्या मेंब्रेनचा असतो जेमतेम दोन. एवढ्याशा जागेतून पुरेसा ऑक्सिजन द्यायचा तर मिनिटाला चार-पाच लिटर रक्त फिरवावं लागतं, म्हणून त्या जाड नळ्या, म्हणून तो पंप, म्हणून ती बॅटरी. कार्बन डायऑक्साइड काढायचं काम त्यामानाने सोपं, ते कमी रक्त फिरवूनही होतं. म्हणून काही जणांचं मत असं की छोट्या यंत्राने फक्त कार्बन डायऑक्साइड काढा, म्हणजे व्हेंटिलेटरला जोर लावावा लागणार नाही आणि जखमी फुफ्फुसाला आराम मिळेल. मला हे पटतं. अमेरिकेत अॅन आर्बरला बारीक नळ्यांची जाळी थ्रीडी प्रिंटरवर छापून फुफ्फुस बनवायचे प्रयोग चालतात, तेही ह्याच दिशेचे. आणि बॉस्टनच्या एका टीमने २०१२ मधे चरबीच्या वेष्टणातले ऑक्सिजनचे सूक्ष्म कण शिरेतून देऊन श्वासनळी पूर्ण बंद केलेले ससे पंधरा मिनिटांपर्यंत जगवले होते. पंधरा मिनिटं म्हणजे इथे फार मोठी गोष्ट आहे. पण ससा म्हणजे सैनिक नव्हे, आणि तिथून अजून माणसापर्यंत पोचलेलं नाही हे कबूल करायला हवं.

ह्यावर एक आक्षेप नेहमी येतो. ही यंत्रं एकदा तपासून झालीत, फेल गेलीत. १९७९ चा तो प्रसिद्ध अभ्यास, ९० पेशंट, एक्मोवरचे, म्हणजे हॉस्पिटलातल्या ह्याच कृत्रिम फुफ्फुसावरचे, ४२ त्यातले ४ वाचले, साध्या व्हेंटिलेटरवरचे ४८ त्यातलेही ४. झालं, पुढची कित्येक वर्षं मोठ्या माणसांसाठी एक्मो म्हणजे थट्टेचा विषय. पण त्या अभ्यासात यंत्र लावूनही व्हेंटिलेटर तसाच जोरात चालू ठेवलेला, फुफ्फुसाला आराम द्यायचा हाच तर मुद्दा होता आणि तोच दिला नाही, वर रक्तस्राव एवढा की रोज लिटरवारी रक्त भरायचं. वाईट रीतीने वापरलेलं साधन वाईट ठरलं. टूर्निकेटचं हेच झालं नव्हतं का? दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्याबद्दल डॉक्टरांत एवढी नाराजी की शेवटचा उपाय म्हणूनच वापरा असं शिकवायचे, पाय जाईल, नस मरेल. मग इराक-अफगाणिस्तानात नीट बनवलेला पट्टा, नीट ट्रेनिंग आणि लवकर पोचणं हे तिन्ही जमलं आणि आज तोच पट्टा प्रत्येकाच्या खिशात आहे. साधन तेच. एक्मोच्या बाबतीतही २००९ मधे इंग्लंडच्या चाचणीत एक्मो सेंटरला पाठवलेल्यांत अपंगत्वाशिवाय जगलेले ६३ टक्के निघाले, बाकीच्यांत ४७. इथे कुणीतरी लगेच म्हणेल, अहो पण त्या सेंटरला पाठवलेल्यातल्या पाव लोकांना एक्मो लावलाच नव्हता, म्हणजे फायदा यंत्राचा की चांगल्या सेंटरचा? अगदी बरोबर. मी तेच तर सांगतोय इतका वेळ.

कारण फुफ्फुसाच्या इलाजात गेल्या पंचवीसेक वर्षांतले दोन सगळ्यात मोठे फायदे घ्या. पहिला, २००० साली, व्हेंटिलेटरचा एकेक श्वास पेशंटच्या वजनाच्या किलोमागे १२ मिलिलिटरऐवजी ६ चा द्या, मृत्यू जवळपास ४० टक्क्यांवरून ३१ वर. दुसरा, २०१३ मधे, पेशंटला दिवसातले बरेच तास पालथं झोपवा, २८ दिवसांचे मृत्यू ३३ टक्क्यांवरून १६ वर. एकात बटण फिरवायचं, दुसऱ्यात चार जणांनी मिळून माणूस उलटा करायचा. सॅकमधे ह्यांचं वजन शून्य. १९५२ मधे कोपनहेगनला पोलिओच्या साथीत तेच दिसलं, मशीन पुरत नव्हती म्हणून ब्यॉर्न इब्सेन ह्या भूलतज्ज्ञाने गळ्याला भोक पाडून रबरी पिशवी लावली आणि दीड हजाराच्या आसपास मेडिकलची पोरं पाळ्या लावून हाताने ती पिशवी दाबत बसली, आणि ऐंशी टक्क्यांहून वर असलेले मृत्यू निम्म्याहून खाली आले.

मग यंत्र नकोच असं म्हणतोय का मी? अजिबात नाही. स्फोटाने दोन्ही फुफ्फुसं फाटली असतील, हवा भोकातून गळत असेल, तर बटण कितीही फिरवा, व्हेंटिलेटरचा प्रत्येक श्वास जखमेवर बुक्की मारतो. तिथे दुसरा रस्ता नाही. २००५ ते २०११ मधे इराक-अफगाणिस्तानातल्या दहा अमेरिकन सैनिकांना अशा अवस्थेत शरीराबाहेरचं फुफ्फुस लावलं, काहींना तिकडेच, खास टीम विमानाने जाऊन, आणि मग जर्मनीत रेगेन्सबुर्गच्या हॉस्पिटलात. दहातले नऊ वाचले. दहाच पेशंट, सगळे तरुण, तुलनेला कोणी नाही, हे सगळं धरूनही नऊ म्हणजे नऊ. त्यांना कोणी सांगावं की हे खेळणं आहे. पण नीट बघा, ते यंत्र कुठे होतं? मेडिकच्या पाठीवर नव्हतं. ते होतं टीमसोबत, आघाडीच्या मागे, उपचाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यावर, हात सरावलेल्या पाच-सहा माणसांच्या मधे. आणि तिथेच त्याची जागा आहे, निदान आज तरी. उंचीवर फुफ्फुसात पाणी होणाऱ्या सैनिकांसाठी, भारतीय लष्करी डॉक्टरांनी १९६५ मधे ज्याचं शेकडो सैनिकांवरून वर्णन केलं तो आजार, एक फुगवायची पिशवी मिळते, माणसाला आत घालून पायाने पंप मारला की आतला दाब वाढतो आणि तो हजार-दीड हजार मीटर खाली उतरल्यासारखा होतो. त्या पिशवीला कोणी रोग बरा करणारी म्हणत नाही. खरा इलाज खाली उतरवणं, पिशवी फक्त तेवढा वेळ विकत घेते. शहाणं साधन ते. कृत्रिम फुफ्फुसाचे भाट एवढी नम्रता दाखवतील तर माझं त्यांच्याशी भांडणच उरणार नाही.

तर पैसे कुठे घालायचे विचाराल तर माझा क्रम असा. आधी सुई, छातीच्या भगदाडावर लावायचा झडपेचा चिकट पॅच, रक्त आणि सुकवलेला प्लाझ्मा पुढच्यातल्या पुढच्या माणसापर्यंत. मग तळघरात चोवीस-छत्तीस तास काढायला लागतील असं धरून, व्हेंटिलेटर कसा हळू ठेवायचा आणि पालथं कसं घालायचं ह्याचं ट्रेनिंग, आणि हवेतून ऑक्सिजन काढणारी छोटी मशीन, कारण गोळ्यांच्या मधे सिलेंडर हा स्वतःच बॉम्ब आहे. आणि त्याच्या मागे, पण त्याच बजेटमधे, ते फुफ्फुस, त्यातही आधी न गोठणारा लेप.

एका ठिकाणी मात्र माझंच म्हणणं माझ्या अंगाशी येतं आणि ते लपवून उपयोग नाही. मी इतका वेळ हात, हात म्हणतोय. पण युक्रेनमधे आता जखमीला आणायला चाकांवरचे छोटे रोबो पाठवतात, माणूस पाठवला तर तोही मरतो म्हणून. त्या ट्रॉलीवर जखमी एकटा पडलेला असतो, काही किलोमीटर, खड्ड्यांतून, शेजारी कोणी नाही. तिथे ना कोणी पिशवी दाबणार, ना कोणी पक्कड शोधणार. नळीला पीळ पडला आणि अलार्म वाजला तर ऐकणारा तोच, आणि तो बेशुद्ध. अशा ठिकाणी पंप नसलेलं, हृदयाच्याच दाबावर चालणारं फुफ्फुस लागेल, आणि तसं आहे सुद्धा, त्या दहा जणांतल्या काहींना तेच लावलं होतं. पण त्याला चांगलं ब्लडप्रेशर लागतं, आणि ट्रॉलीवरच्या त्या पोराचं रक्त तर निम्मं मागे चिखलात सांडलेलं असतं.